एकाच पातेल्यातून

जून उजाडला की आमच्या सिएटलमध्ये चेरीचं वेड सुरू होतं. कॅस्केड पर्वताच्या पलीकडे, याकिमा आणि वेनाचीच्या बाजूला मैलोन् मैल बागा आहेत. अमेरिकेत गोड चेरी सगळ्यात जास्त पिकते ती आमच्या वॉशिंग्टन राज्यात. पण खेळ सगळा दीड-दोन महिन्यांचा. आंब्यासारखंच, आली आली म्हणेपर्यंत संपलीसुद्धा! मग आपण हावरटासारखी पेटी उचलून आणतो आणि एवढ्या चेऱ्यांचं करायचं काय, म्हणून डोक्याला हात लावून बसतो.

माझं उत्तर ठरलेलं आहे. पाक.

अर्धा किलो काळपट लाल बिंग चेऱ्या घ्यायच्या. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर एकेक चेरी ठेवून चॉपस्टिकनं दाबली की बी थेट बाटलीत. (जुने कपडे घाला. डाग जांभळाच्या जातीचा आहे, निघत नाही.) बिया ठेचायच्या मात्र नाहीत, आतल्या गरातून सायनाइड तयार होतं. मग अर्धी वाटी साखर, अर्धी वाटी पाणी, ठेचलेल्या आल्याचा तुकडा आणि मंद आचेवर दहा मिनिटं. घोटायचं, गाळायचं, आणि पूर्ण गार झाल्यावर दोन लिंबं पिळायची. लिंबात काटकसर नको. बिंग मुळात गोडमिट्ट, आंबटपणा कमी पडला तर थेट खोकल्याचं औषध लागतं! फ्रिजमध्ये आठवडाभर छान राहतो.

ग्लासात बर्फ, चुरडलेला पुदिना, चार चमचे पाक, ४५ मिली जिन, वर थंड सोडा. झालं कॉकटेल. जिनऐवजी चिमूटभर काळं मीठ घातलं की दुसरं तयार. या दुसऱ्याला लोक मॉकटेल म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही. न पिणाऱ्याच्या हातात म्हणे नकली पेय!

हे एवढं मनाला लागायचं कारण म्हणजे बाबा.

बाबांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. तत्त्वबित्त्व काही नाही. आजोबा प्यायले ते सगळ्या घराच्या वाटणीचं प्यायले. आजीच्या पाटल्या, वाड्यातल्या दोन खोल्या, बाबांच्या कॉलेजची फी, सगळं त्यात गेलं. आमच्या घरात दारू हा शब्दही निघत नसे. आत्या नुसतं "त्यांचं ते" म्हणायची.

या उन्हाळ्यात आई-बाबा इथे आले. नवरा म्हणाला, ते आहेत तोवर बाटल्या गॅरेजमध्ये ठेवू. इथल्या कितीतरी मराठी घरांत हेच करतात, आणि त्यात वाईट हेतू काहीच नसतो. पण मला ते जमेना. लपवलेल्या बाटल्या बाबांनी लहानपणी पुरेशा पाहिल्यात. माळ्यावर, तांदळाच्या डब्यात, बंबामागे. आता मुलीच्या घरीही तेच?

शनिवारी मित्रमंडळी यायची होती. आदल्या दिवशी बाबा ओट्याशी उभे राहून चेरीच्या बिया काढत होते. खऱ्या चेरीची ओळख नुकतीच झालेली. "मग आपल्याकडे केकवर असते ती कोण?" हा त्यांचा प्रश्न. बरेचदा ती पाकवलेली, रंगवलेली करवंदं असतात म्हटल्यावर खूश झाले होते. तेवढ्यात मी म्हटलं, "बाबा, उद्या जिनची बाटली टेबलावर असेल. तुम्हाला नको वाटत असेल तर नाही ठेवणार."

चॉपस्टिक थांबली.

"किती पिता तुम्ही?"

"एक. कधीतरी दोन."

"मोजून?"

मी ४५ मिलीचं छोटं स्टीलचं माप दाखवलं. त्यांनी ते हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. म्हणाले, "आमच्याकडे माप नव्हतं." आणि पुन्हा बिया काढायला लागले.

शनिवारी सगळ्यांचे ग्लास एकाच पातेल्यातून भरले. तोच पाक, तोच पुदिना, तसाच उंच ग्लास. ज्याला हवी त्यानं जिन शेवटी मापानं घालून घ्यायची. एरवी आमच्या पार्ट्यांत पिणारे डेकवर आणि ज्येष्ठ मंडळी आत टीव्हीसमोर, संत्र्याच्या रसाचा प्लॅस्टिकचा ग्लास घेऊन. या वेळी बाबा डेकवर मधोमध! रात्री नऊ वाजले तरी इथे जूनमध्ये उजेड असतो, आणि बाबांना श्रोते मिळाले होते.

त्यांनी बिंग चेरीची गोष्ट सांगितली, दुपारीच वाचलेली. १८७५ च्या सुमारास ओरेगनमधल्या मिलवॉकी गावी सेथ लुएलिंगच्या बागेत ही जात तयार झाली. तिथल्या आह बिंग नावाच्या चिनी मुकादमाचं नाव तिला मिळालं. १८८२ च्या कायद्यानं चिनी मजुरांना अमेरिकेत यायला बंदी केली आणि १८८८ च्या कायद्यानं, मायदेशी गेलेल्यांची परतीची वाटही तोडली. आह बिंग १८८९ मध्ये चीनला गेला, तो परत येऊ शकला नाही असं सांगतात. चेरी इथेच राहिली. आमच्यात एक मित्र होता, व्हिसाच्या भानगडीत चार वर्षं घरी न गेलेला. तो काही बोलला नाही, ग्लासातला बर्फ हलवत राहिला. बाबांनीच उठून त्याचा ग्लास भरला. पातेल्यातून.

पाहुणे गेल्यावर मी आवराआवर करत होते. बाबांनी सगळे ग्लास धुतले. ते छोटं मापही धुतलं, कोरडं पुसलं आणि बाटलीच्या शेजारी नीट ठेवलं. म्हणाले, "पाक थोडा उरलाय. उद्या सकाळी मला आणखी एक दे. लिंबू जरा जास्त."