रक्ताचा रंग आणि बोटावरचा दिवा

'रक्त' हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की, तो मुळात नाम नसून विशेषण आहे, हे बहुधा कोणाच्या ध्यानी येत नाही. रञ्ज् या धातूपासून तो सिद्ध झाला. त्याचा अर्थ 'रंगलेले'. अनुरक्त, विरक्त, आरक्त ही सारी त्याचीच भावंडे. शोणित आणि रुधिर या शब्दांच्या मुळाशीदेखील तांबडेपणाच आहे. म्हणजे या द्रवाचे नामकरण करताना आपल्या पूर्वजांनी त्याचा स्वाद, उष्णता किंवा प्रवाह यांतील काहीही विचारात न घेता केवळ त्याचा रंग पाहिला. तो रंगच पुढे प्राणाची वार्ता सांगेल, ही कल्पना मात्र त्यांस असणे शक्य नव्हते.

कारण हा तांबडेपणा एकच नव्हे. हृदयाकडून शरीरभर जाणारे रक्त जास्वंदीसारखे लखलखीत असते. परतीच्या वाटेवरचे रक्त काळपट, किंचित जांभळ्या छटेचे. 1864 साली इंग्लंडमधील स्टोक्स या गणितज्ञाने हा फरक प्राणवायूमुळे पडतो, हे प्रकाशाचे पृथक्करण करून दाखविले. आणि त्याच वर्षी जर्मनीतील होप्पे-झायलर याने रक्तातील रंगद्रव्यास हिमोग्लोबिन हे नाव दिले. हिमोग्लोबिनास प्राणवायू चिकटला की त्याचा रंग उजळतो, सुटला की काळवंडतो. एवढ्या एका गोष्टीवर आज घरोघरी दिसणारे, बोटास लावावयाचे ते चिमट्यासारखे यंत्र उभे आहे.

पवना आणि मुळा या दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेल्या आमच्या सांगवीत हे यंत्र 2020 पूर्वी फारसे कोणी पाहिले नव्हते. ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली होती, त्यांस 'बोटाला काहीतरी लावले होते' एवढेच स्मरत असे. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात महाराष्ट्रातील पहिले करोना रुग्ण पुण्यात आढळले, आणि सप्टेंबराच्या 15 तारखेपासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही सरकारी मोहीम सुरू झाली. आरोग्यसेविका दारात उभ्या राहून प्रत्येकाचा ताप पाहू लागल्या आणि बोटास तो चिमटा लावून आकडा वहीत टिपू लागल्या. पाठोपाठ औषधांच्या दुकानातून ही यंत्रे घरात आली. आमच्या घरात त्याचा मुक्काम देवघराशेजारच्या कोनाड्यात, पंचांगाच्या बाजूस. वहिनींनी त्यासाठी खणाची पिशवी शिवली आहे.

माझी हयात संस्कृत शिकविण्यात गेली. तरीही त्या लाल दिव्याने मला स्वस्थ बसू दिले नाही. सुई न टोचता, थेंबही न काढता आतल्या रक्ताची स्थिती यास कळते कशी? पुतण्या अभियंता; त्याच्याकडून मी ही विद्या पुष्कळ चिकाटीने काढून घेतली.

अंधाऱ्या खोलीत विजेरी तळहाताखाली धरून मुले खेळतात, तेव्हा बोटांच्या कडा लालभडक पेटल्यासारख्या दिसतात. विजेरीचा प्रकाश पांढरा. पण त्यातील निळा-हिरवा भाग रक्त गिळून टाकते आणि तांबडा तेवढा पार होतो. यंत्र हेच करते, फक्त मोजूनमापून. त्यात दोन दिवे असतात. एक तांबडा, सुमारे 660 नॅनोमीटर तरंगलांबीचा, जो आपणास दिसतो. दुसरा सुमारे 940 नॅनोमीटरचा, जो डोळ्यास दिसत नाही. त्यास आपले विज्ञानलेखक 'अवरक्त' म्हणतात, आणि हा शब्द ज्या कोणी घडविला त्यास मी मनोमन नमस्कार करतो. प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश सोडून देते आणि अवरक्त अधिक शोषते. रिकामे हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश अधिक शोषते. दोन्ही दिवे एका सेकंदात शेकडो वेळा आळीपाळीने लागतात-विझतात आणि पलीकडे बसलेला ग्राहक किती प्रकाश आरपार आला ते मोजीत राहतो.

परंतु येथे एक मोठीच अडचण आहे. बोटात केवळ रक्त नसते. कातडी, मांस, हाड, नख हे सारे प्रकाश अडवितात. शिवाय शिरांतील परतीचे काळपट रक्तही असतेच. यातून नुसते धमनीतील रक्त वेगळे कसे ओळखावयाचे? 1935 च्या सुमारास जर्मनीतील कार्ल माथेस याने कानाच्या पाळीवर दोन रंगांचा प्रकाश टाकून प्रयत्न केला. दुसऱ्या महायुद्धात उंच उडणाऱ्या वैमानिकांसाठी अमेरिकेतील ग्लेन मिलिकन याने तसेच यंत्र बनविले. या अडचणीतून पूर्ण सुटका मात्र कोणाची झाली नव्हती.

ती केली जपानातील ताकुओ आओयागी या अभियंत्याने. निहॉन कोडेन या कंपनीत तो वेगळ्याच कामात गुंतला होता. हृदय एका मिनिटात किती रक्त ढकलते, हे मोजण्यासाठी रक्तात रंग मिसळून तो कानाच्या पाळीतून प्रकाशाने पाहावयाचा, असा त्याचा प्रयोग होता. पण नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी त्याची रेघ थरथरे आणि हिशेब बिघडे. ही थरथर काढून टाकण्यासाठी त्याने दोन रंगांचा प्रकाश घेऊन एकाने दुसऱ्याची वजाबाकी केली. ती जमली, परंतु रक्तातील प्राणवायू कमी-जास्त झाला की वजाबाकी पुन्हा चुके. तेव्हा त्याच्या ध्यानी आले की, ज्यास आपण व्यत्यय समजून हाकलीत आहो, तोच बोलतो आहे! ठोक्यासरशी जे उसळते ते धमनीतील रक्तच. बाकी सारे स्थिर. मग स्थिर भाग सोडून द्यावा आणि उसळणाऱ्या भागाचा रंग तेवढा वाचावा. 1974 साली त्याने हे तत्त्व मांडले. आपल्याकडे शार्ङ्गधराने अंगठ्याच्या मुळाशी उडणाऱ्या नाडीस 'जीवसाक्षिणी' म्हटले आहे. त्या साक्षीदारास इतक्या शतकांनी नवा प्रश्न विचारला गेला. आओयागी 2020 च्या एप्रिलमध्ये, वयाच्या 84 व्या वर्षी वारला. त्याचे यंत्र घरोघरी पोहोचण्याची वेळ नेमकी तेव्हाच आली होती.

शस्त्रक्रियेच्या दालनात हे यंत्र 1980 च्या दशकात स्थिरावले. भूल दिलेला मनुष्य बोलू शकत नाही आणि ओठ निळे दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. तेव्हा तेथे त्याचे मोल निराळे सांगावयास नको. तथापि श्रीमंत देशांत जे सामान्य झाले ते गरीब देशांत नव्हते. 2010 च्या एका अंदाजानुसार जगातील सुमारे 77,000 शस्त्रक्रिया-दालनांत हे यंत्रच नव्हते. या कामी एका मराठी घराण्याचे नाव येते, म्हणून अंमळ थांबतो. डॉ. अतुल गावंडे हे अमेरिकेत जन्मलेले शल्यवैद्य; त्यांचे वडील आत्माराम गावंडे यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे. आत्मारामांच्या मातोश्री गोपिकाबाई यांच्या नावाचे महाविद्यालय उमरखेडास आहे. जागतिक आरोग्य संघटनेसाठी डॉ. अतुल यांच्या नेतृत्वाखाली शस्त्रक्रियेपूर्वी वाचावयाची 19 कलमांची यादी सिद्ध झाली. 'ऑक्सिमीटर रुग्णास लावला आहे ना, चालतो आहे ना' हे त्यातील एक कलम. पुढे 2011 साली 'लाइफबॉक्स' ही संस्था निघाली आणि गरीब देशांतील रुग्णालयांस स्वस्त, दणकट ऑक्सिमीटर पुरवू लागली.

आता घरचे. त्याच सप्टेंबरात आमच्या दादास ताप आला. वय 71, स्वभाव करारी. चौथ्या दिवशी ताप उतरला, वर्तमानपत्र वाचून झाले, चहाबद्दल तक्रारही झाली. बसल्या जागी आकडा 95. ओळखीच्या डॉक्टरांनी दूरध्वनीवरून सांगितले, "सहा मिनिटे घरातल्या घरात चालवा आणि पुन्हा पाहा." दादा ओसरीतून येरझारा घालून आला आणि आकडा 89 झाला. त्यास धाप म्हणावी अशी नव्हती.

"अरे, त्या खेळण्याचे काय ऐकतोस? मी बोलतो आहे ना तुझ्याशी!" दादा म्हणाला.

घरात दोन तट पडले. वहिनींचे म्हणणे, रुग्णालयात गेलेली माणसे परत येत नाहीत. त्या दिवसांत हे भय निराधार नव्हते. पुतण्याने बोट बदलले, हात चोळून गरम केला, स्वतःच्या बोटास यंत्र लावून पाहिले. त्याचे 98, दादाचे पुन्हा 89. मी दादास एवढेच म्हणालो, "तू बोलतोस ते मी ऐकतो आहे, पण तुझे रक्त काळे पडत चालले आहे, ते तुला कळत नाही." त्या रोगात प्राणवायू घटूनही मनुष्यास गुदमरल्यासारखे वाटत नाही, कारण गुदमरण्याची जाणीव मुख्यतः अंगारवायू साठल्याने होते, हे तोवर डॉक्टरांच्या बोलण्यातून कानी आले होते. रात्री दहाला रुग्णवाहिका आली. दादा अकरा दिवसांनी, अंगाने निम्मा होऊन, परंतु चालत घरी आला.

यावरून त्या यंत्रास देव्हाऱ्यात बसवावे, असे मात्र मला वाटत नाही; वहिनींना वाटते. प्रकाशाचे गुणोत्तर आणि प्राणवायूचा आकडा यांचे नाते यंत्रास स्वतःहून ठाऊक नसते. निरोगी स्वयंसेवकांस कमी प्राणवायूची हवा देऊन, त्यांच्या धमनीतील रक्त काढून तपासून, त्यावरून कोष्टक बनवितात आणि ते यंत्रात भरतात. आमच्या काळी लॉगॅरिथमची पुस्तके असत, तसे. जिवास धोका नको म्हणून हे प्रयोग साधारण 70 च्या खाली नेत नाहीत. त्याखालचे आकडे केवळ अंदाज. दोन्ही प्रकाशांचे गुणोत्तर समसमान आले तर यंत्र सुमारे 85 दाखविते; म्हणून थरथरत्या हातावर ते उगाच त्या आकड्याकडे झुकते. थंड बोट, गडद नखरंग यांनीही घोटाळा होतो.

आणि कोष्टक कोणाच्या बोटांवरून बनले? बहुतांशी गोऱ्या लोकांच्या. कातडीतील काळे द्रव्यही प्रकाश शोषते. ही शंका 1990 मध्येच अमेरिकेतील डॉक्टरांनी मांडली होती. फारशी कोणी मनावर घेतली नाही. 2020 च्या डिसेंबरात मिशिगन विद्यापीठातील डॉक्टरांनी दाखविले की, यंत्र 92 ते 96 दाखवीत असताना रक्तातील खरा आकडा 88 हूनही खाली असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत शेकडा 3.6, तर कृष्णवर्णीयांत 11.7 होते. आमच्याच पंक्तीस बसले की गव्हाळ, सावळे, काळेसावळे असे सारे वर्ण दिसतात. दादा आमच्यात सर्वांत सावळा. त्याचा तो पहिला 95 खरोखर किती होता, हा विचार आता मनात येतो. म्हणून एकट्या आकड्यापेक्षा त्याच माणसाचा कालचा आणि आजचा आकडा ताडून पाहावा, असे डॉक्टर सांगतात.

दोन गोष्टी गृहिणींसाठी मुद्दाम लिहितो. बंद न्हाणीघरातील गॅसच्या बंबापासून किंवा बंद खोलीतील कोळशाच्या शेगडीपासून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. तो हिमोग्लोबिनास चिकटतो आणि यंत्रास तो प्राणवायूसारखाच दिसतो. मनुष्य बेशुद्धीच्या वाटेवर असता आकडा 98 राहू शकतो! तेव्हा चक्कर, डोकेदुखी असल्यास आधी दारे-खिडक्या उघडाव्या, माणसास मोकळ्या हवेत आणून डॉक्टरांस बोलवावे. यंत्र शोधीत बसू नये.

दुसरी गोष्ट आमच्या धाकट्या सुनेची. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिला जिना चढताच धाप लागे, पापण्यांच्या आतली लाली गेली होती. ती बसली की कोणी ना कोणी कोनाड्यातून यंत्र आणून तिच्या बोटास लावी. "नव्व्याण्णव आहे की गं! दम लागायला काय झालं?" असे म्हणून तिला पुन्हा उठविले जाई. यंत्र खोटे बोलत नव्हते. शंभर गाड्यांपैकी नव्व्याण्णव भरलेल्या आहेत, एवढेच ते सांगते. गाड्या मुळात किती उरल्या आहेत, हे त्यास कोणी विचारीत नाही आणि त्यास सांगताही येत नाही. महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, असे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. मी तिला स्वतः सोबत नेऊन रक्त तपासून आणले. हिमोग्लोबिन आठाच्या आत निघाले. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, दुपारची दोन तासांची विश्रांती वहिनींच्या गळी उतरवावी लागली. पाच महिन्यांनी हिमोग्लोबिन बाराच्या घरात आले आणि ती धाप न लागता गच्चीवर वाळवण घालू लागली. त्या दिवशी थोरल्या नातवाने हौसेने तिच्या बोटास चिमटा लावून पाहिला. आकडा नव्व्याण्णवच होता.