लिफ्टिंगची हवा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदुरात ज्याच्या दारात ट्रक उभा आहे, त्याला हवेची कटकट चुकत नाही. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, नारंडा अशा सिमेंट कारखान्यांच्या पट्ट्यात रात्रंदिवस ट्रक आणि बल्कर धावतात. त्यांचे ब्रेक हवेवर चालतात आणि बारा चक्का असेल तर लिफ्टिंगही हवेवरच. माझी गाडी बारा चक्का आहे. दहा चाकं कायम जमिनीवर, उरलेली दोन गरजेप्रमाणे खाली-वर होतात, हेच लिफ्टिंग. गाडी रिकामी असली की एक रबरी बलून फुगून त्या दोन चाकांचा अ‍ॅक्सल उचलून धरतो. माल भरला की दुसरे बलून त्याच अ‍ॅक्सलला खाली दाबतात, म्हणजे तो आपल्या वाट्याचा भार घेतो.

एका मे महिन्यात ड्रायव्हरनं सकाळीच सांगितलं, "भाऊ, रातच्याला चाक उचलून ठेवलं होतं, आता पाहतो तं भुईला टेकलं जी."

"चालू केल्यावर उचलते का?"

"उचलते, पण हवेचा काटा लवकर चढत नाही."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात भरणीचा नंबर होता. गॅरेजला गाडी लावली की ती आज सुटेल की परवा, हे कोणी सांगत नाही, आणि नंबर गेला की पुन्हा रांगेच्या शेपटाला. म्हणून घरच्या अंगणातच पाहायचं ठरवलं. उन्हाच्या आत काम उरकणं भाग होतं. २०१९ च्या मे अखेरीस चंद्रपूरचा पारा ४८ अंशांवर गेला होता. त्या उन्हात चेसिसला हात लावता येत नाही. रबर आणि नायलॉनचे पाइप कडक होतात तेही याच उन्हानं.

आधी चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावले. लिफ्टिंगच्या अ‍ॅक्सलखालीही जाड ठोकळे सरकवले, कारण हवेवर उचललेली वस्तू कधी खाली येईल याचा भरवसा नसतो. मग इंजिन चालू करून हवेच्या टाक्या पूर्ण भरल्या. एअर ड्रायरनं 'फुस्स' करून जास्तीची हवा सोडली, तेव्हा इंजिन बंद केलं आणि काट्याकडे पाहत बसलो.

काटा सावकाश उतरत गेला आणि अर्ध्याच्या वर एका ठिकाणी येऊन थांबला. मला हवा होता तो हाच पुरावा. गाडीत हवेचे वेगवेगळे मार्ग असतात: पुढचे ब्रेक, मागचे ब्रेक, हँडब्रेक आणि लिफ्टिंगसारखी बाकीची कामं. यांच्यामध्ये एक संरक्षक व्हॉल्व्ह असतो. एका मार्गात गळती झाली की तो ठरावीक दाबाला बंद होतो आणि उरलेल्या मार्गांची हवा राखतो. ब्रेकचा काटा थांबला, म्हणजे ब्रेकच्या लाइनी शाबूत होत्या आणि गळती लिफ्टिंगकडे होती. अर्धी गाडी तपासायचं काम तिथंच वाचलं.

कानानं शोधायची सोय आमच्याकडे फारशी नाही. कारखान्याची घरघर आणि रस्त्यावरच्या गाड्या यांत बारीक सुसकारा ऐकू येत नाही. पण सिमेंटच्या धुळीचा एक उपयोग होतो. चेसिसवर सगळीकडे राखाडी थर बसलेला असतो आणि जिथून हवा निसटते तिथली धूळ उडून गेलेली असते. टॉर्च मारत पाइपाच्या कडेनं गेलो, तर लिफ्टिंगच्या व्हॉल्व्हजवळच्या जोडाभोवती रुपयाएवढा भाग स्वच्छ दिसला. खात्रीसाठी भांड्याच्या साबणाचं पाणी बाटलीनं फवारलं. बारीक फेस वाढू लागला. बलूनच्या घड्यांवर आणि वरच्या-खालच्या पत्र्यांच्या कडांवरही फवारलं, तिथं काही नव्हतं.

त्या लाइनीची हवा पूर्ण सोडल्यावरच जोड उघडला. पाइप ढकलून बसवायच्या प्रकारचा जोड होता. आतली ओ-रिंग दगडासारखी झाली होती आणि पाइपाच्या टोकावर उभा ओरखडा होता. क्लॅम्प सैल झाल्यानं पाइप हलत राहिला आणि कडेवर घासला, हे मूळ कारण. खराब टोक धारदार ब्लेडनं अगदी काटकोनात कापलं. तिरकं कापलं तर ओ-रिंग एका बाजूनं उघडी राहते. बाजारातून त्याच बाहेरच्या मापाचा नवा जोड आणला, पाइप किती आत जायला हवा त्याची खूण करून तो पूर्ण बसवला आणि क्लॅम्प घट्ट केला. टेफ्लॉन टेप लावली नाही. ती निमुळत्या आट्यांसाठी असते, आणि इथं सील ओ-रिंगचं होतं. टेपचा तुकडा व्हॉल्व्हमध्ये गेला तर नवं दुखणं.

पुन्हा हवा भरली, पुन्हा साबण मारला, फेस आला नाही. चाक उचलून रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी ते जागेवर होतं, गाडी नंबराला गेली.

अनेक जण चाक थोडं बसतं म्हणून तसंच चालवतात. रिकाम्या गाडीत टेकलेलं चाक फरफटत टायर खातं. भरलेल्या गाडीत खाली दाबणारे बलून गळत असतील, तर त्या अ‍ॅक्सलचा भार शेजारच्या अ‍ॅक्सलवर जातो. कायदा भाराची मर्यादा अ‍ॅक्सलवार मोजतो. २०१८ साली चार टायरच्या एका अ‍ॅक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. पण ती वाढ गळक्या बलूनचा भार शेजाऱ्यावर ढकलण्यासाठी नव्हती. शिवाय गळती भरून काढायला कंप्रेसर सतत राबतो, तापतो आणि हवेबरोबर तेल ढकलू लागतो.

जोड, पाइप, क्लॅम्प एवढं काम अंगणात होतं. बलूनच्या घडीत भेग दिसली तर पंक्चरसारखं ठिगळ लावू नका. आतल्या धाग्यांचे थर उघडे पडलेले असतात, बलून बदलाच. बलून आणि पत्रा यांच्यामध्ये अडकलेले चुनखडीचे खडे मात्र गाडी धुताना दर वेळी काढा. आणि हँडब्रेकचा स्प्रिंगवाला चेंबर घरी कधीही उघडू नका. हवा सोडली तरी आतली दाबलेली स्प्रिंग तशीच असते आणि ती सुटली तर जीव घेते. ते काम मिस्त्रीचंच.