बटईची शेती आणि मोटारीचा कारखाना

आमच्या भालकी-औराद भागात 'बटई' हा शब्द शाळकरी पोरालाही समजावून सांगावा लागत नाही. जमीन एकाची, बैल आणि कष्ट दुसऱ्याचे, बी-बियाण्याचा खर्च ठरेल तसा, आणि खळ्यावर ज्वारीची रास पडली की मापाने वाटणी. वर्तमानपत्रात 'संयुक्त उपक्रम' हा भारदस्त शब्द वाचला की मला प्रथम आमचे खळेच आठवते. परदेशी कंपनी आणि देशी घराणे एकत्र येऊन मोटारीचा कारखाना काढतात, तेव्हा तीही एका अर्थी बटईच असते. कोण काय घेऊन आला हे करारात लिहिलेले असते. पण अखेरीस कोण काय घेऊन घरी गेला, हे पाहण्यासाठी खळ्यापर्यंत थांबावे लागते.

आपल्या कर्नाटकात बंगळूर-म्हैसूर रस्त्यावर बिडदी नावाचे गाव आहे. एके काळी तेथील थट्टे इडलीसाठीच प्रवासी थांबत. तेथे जपानच्या टोयोटा कंपनीने किर्लोस्कर समूहाशी भागीदारी करून १९९७ मध्ये 'टोयोटा किर्लोस्कर मोटर' ही कंपनी स्थापन केली. किर्लोस्कर हे नाव आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांना परके नाही. या घराण्याच्या मासिकांनी आपल्या आई-आजींना वाचनाची गोडी लावली. उद्योगाचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा, म्हणजे तेही आपल्यासारखेच आजच्या कर्नाटकातले मराठी. ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. केवळ हिंदी माणूस म्हणून बढती डावलली गेली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावात भावाच्या साथीने सायकलींचा व्यवसाय वाढविला. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर आले. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले काही नांगर खपायलाच दोन वर्षे गेली. १९१० मध्ये औंधच्या अधिपतींनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

भागीदाराची कहाणीही अशीच साध्या घरातली. साकिची टोयोडा यांनी कापडाचा माग सुधारला. धागा तुटताच आपोआप थांबणारा माग ही त्यांची देणगी. त्यामुळे खराब कापड पुढे विणले जाईना. मागाच्या त्या व्यवसायातूनच त्यांचे पुत्र किइचिरो मोटारींकडे वळले आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी निघाली. एकाचा वारसा नांगराचा, दुसऱ्याचा मागाचा. बिडदीच्या आधी, १९९५ मध्ये, या दोन घराण्यांनी कापड-यंत्रांच्याच कारखान्यात हात मिळविले होते, हे या दृष्टीने उचितच म्हटले पाहिजे.

बिडदीची पहिली गाडी 'क्वालिस' २००० साली बाजारात आली. तिचे मूळ इंडोनेशियात. तेथे टोयोटाने स्थानिक 'अॅस्ट्रा' समूहाबरोबर १९७१ मध्ये अशीच भागीदारी केली होती, आणि १९७७ पासून 'किजांग' नावाची साधी, दणकट गाडी तिथल्या खेड्यापाड्यांत रुळली होती. किजांग म्हणजे आपल्याकडचे भेकर. ते भेकर नाव बदलून आपल्या रस्त्यांवर आले आणि लग्नाच्या वऱ्हाडापासून दवाखान्याच्या घाईपर्यंत सर्व ओझी वाहू लागले. २००५ मध्ये 'इनोव्हा'ने तिची जागा घेतली.

आता वाटणीचे पाहू. प्रारंभी किर्लोस्करांचा हिस्सा २६ टक्के होता. पुढे तो ११ टक्क्यांवर आला. केवळ आकडे पाहणारा म्हणेल, देशी भागीदार आक्रसत गेला. ते खोटे नाही. परंतु भांडवलाच्या वहीत न चढणारा एक हिस्सा असतो, आणि तो मी माझ्या शाळेत बसून पाहिला आहे.

२००७ मध्ये कंपनीने बिडदीला तांत्रिक प्रशिक्षण संस्था काढली. कर्नाटकातील खेड्यांतल्या गरीब घरच्या, दहावी झालेल्या मुलांना तेथे तीन वर्षे विनामूल्य ठेवून वेल्डिंग, रंगकाम, जुळणी व मेकॅट्रॉनिक्स शिकवितात. पुढे मुलींसाठीही दार उघडले. काही वर्षांपूर्वी आमच्या एका मुलाची तेथे निवड झाली. त्याचे वडील बटईने शेती करणारे. ते धावत आले आणि म्हणाले, "गुरुजी, बिदरातच कारखाना निघाला व्हय? मग लेकरू जवळच ऱ्हाईल की." बिदर नव्हे, बिडदी, आणि अंतर सुमारे ७०० किलोमीटर, हे ऐकताच त्यांचा चेहरा उतरला. "तिकडं मराठी कोण बोलंल त्याच्यासंगं?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मुलाची आई मात्र म्हणाली, "इथं तरी कोण इचारतंय त्याला?" आणि मुलगा गेला.

पहिल्या दिवाळीला तो भेटायला आला. मी विचारले, तेथे सर्वांत नवल कशाचे वाटले? तो म्हणाला, "गुरुजी, कामात खोट दिसली तर दोरी ओढायची. मग सारी रांग थांबते. नवख्यानं ओढली तरी रागावत नाहीत." साकिचींच्या मागातला तुटलेला धागा माझ्या डोळ्यांपुढे आला, आणि शेजारी बसलेले त्याचे वडीलही. खळ्यावर माप चुकीचे पडत असताना 'थांबा' म्हणण्याची मुभा त्या गृहस्थांना उभ्या जन्मात मिळाली नव्हती.

हे चित्र सर्वस्वी गोड आहे असे मात्र कोणी समजू नये. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याच कारखान्यात कामाच्या बोजावरून कामगार व व्यवस्थापन यांच्यात बेबनाव झाला, कारखान्याला टाळे लागले आणि तो तिढा पुढच्या वर्षीच सुटला. यंत्राची खोट दिसताच थांबणारी रांग माणसाच्या थकव्यासाठी किती थांबते, हा प्रश्न तेव्हा उघड्यावर आला. आमच्या शेजारच्या बसवकल्याणात आठशे वर्षांपूर्वी बसवेश्वरादी शरणांनी 'कायक' म्हणजे श्रमालाच पूजेचे मोल दिले. श्रमाला मोल म्हणजे श्रमणाऱ्यालाही मोल, हे कोणत्याही भागीदारीने विसरता कामा नये.

जुलै २०२४ मध्ये याच कंपनीने छत्रपती संभाजीनगर येथे सुमारे २०,००० कोटी रुपयांच्या नव्या कारखान्यासाठी महाराष्ट्र शासनाशी सामंजस्य करार केला. १९५६ पर्यंत ते शहर, आमचे बिदर आणि गुलबर्गा एकाच हैदराबाद राज्यात होते. तेव्हा तेथील मराठी घरांतूनही आज ना उद्या हेच प्रश्न विचारले जातील. त्यांना माझे इतकेच सांगणे आहे की टक्केवारीची चर्चा जाणत्यांनी करावी. आपण आपल्या मुलांच्या हाती कोणती विद्या येते आणि तोंडी 'थांबा' म्हणण्याचे बळ येते की नाही, हे पाहावे.

बिडदीच्या प्रवेशाची सूचना निघाली की मी ती शाळेच्या फळ्यावर स्वहस्ते लिहितो. वर कन्नडमध्ये, खाली मराठीत. अलीकडे खाली एक ओळ अधिक असते: 'हे गाव बिदर नव्हे. लांब आहे. तरी अर्ज करावा.'