तांबड्या सावलीची किंमत

१/ अमेरिकेतील अनेक शहरांत रस्त्यांवर एकेकाळी एल्म वृक्षांच्या कमानी होत्या. १९३० मध्ये ओहायोत ‘डच एल्म’ रोग आढळला आणि पुढील काही दशकांत त्या कमानी नाहीशा झाल्या.

२/ ती पोकळी नॉर्वे मेपलने भरली. युरोपातून अठराव्या शतकातच आलेला हा वृक्ष शहरी धूर व निकृष्ट माती सोसत असे. त्याचाच ‘क्रिमसन किंग’ हा प्रकार १९४० च्या दशकात बाजारात आला. अँथोसायनिन या रंगद्रव्याने हिरवा रंग झाकला जातो. म्हणून त्याची पाने वसंतापासून शरदापर्यंत गडद तांबडी राहतात.

३/ मात्र उथळ मुळे आणि गर्द छाया यांमुळे त्याखाली गवतही तग धरत नाही. नॉर्वे मेपल बियांतून रानात पसरतो, स्थानिक शुगर मेपलची जागा बळकावतो. न्यू हॅम्पशायर व मॅसॅच्युसेट्स या राज्यांनी अखेर त्याची विक्रीच बंद केली.

४/ २००८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर शहरात लांब शृंगिकांचा आशियाई भुंगा आढळला. तेथील रस्त्यांवर बहुतांश मेपलच होते. हजारो झाडे तोडावी लागली. गल्ल्याच्या गल्ल्या उन्हात उघड्या पडल्या.

५/ एकाच वृक्षावर विसंबलेले शहर एका किड्यापुढे हतबल होते, हा धडा एल्मने दिला होता. मेपलला तो पुन्हा द्यावा लागला. तांबड्या मेपलचे एखादे झाड अंगणाचे वैभव ठरेल. त्याचीच रांग लावताना पुढच्या पिढीची सावली पणाला लागते.