चाकांवरील द्वारपाल

गेल्या वर्षी कार्तिक वद्य एकादशीला आमच्या निर्मळची यात्रा सुरू झाली, त्या दिवशी सकाळची गोष्ट. घरातील मंडळी शंकराचार्यांच्या समाधीच्या दर्शनास निघालेली असता आमचा अकरा वर्षांचा नातू मात्र ओटीवर बसून एका प्रचंड पिशवीची गाठ सोडण्यात गुंतला होता. पिशवीतून प्रथम दोन जाडजूड पॅड निघाले, मग छातीचे कवच निघाले, आणि शेवटी तोंडापुढे लोखंडी जाळी असलेले शिरस्त्राण निघाले. "अगबाई, हा कोणत्या लढाईला निघाला?" असे आमच्या मंडळींनी विचारताच नातवाने मोठ्या अभिमानाने उत्तर दिले, "आजी, मला रोलर हॉकीत गोलकीपर केलंय!"

ज्या वाचकांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्याकरिता दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टन नामक गृहस्थाने १८६३ साली, शरीराचा तोल कलताच त्या बाजूस वळणारा चार चाकी स्केट तयार केला. त्या स्केटवर उभे राहून खेळावयाची हॉकी ती रोलर हॉकी. एकामागे एक चाके असलेल्या स्केटवर चेंडूऐवजी चकती घेऊन खेळतात तो इनलाइन हॉकी नावाचा वेगळा प्रकार आहे. आमचा नातू खेळतो तो पहिला. सुमारे ४० मीटर लांब व २० मीटर रुंद अशा गुळगुळीत मैदानाभोवती कठडा असतो. प्रत्येक पक्षाचे पाच गडी मैदानात उतरतात, पैकी एक गोलरक्षक. १९९२ साली बार्सिलोना येथील ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रदर्शनादाखल खेळला गेला आणि अर्जेंटिनाने यजमान स्पेनचा पराभव करून पहिला क्रमांक मिळविला. आपल्याकडेही रोलर स्केटिंग फेडरेशन ऑफ इंडियाच्या राष्ट्रीय स्पर्धांत तो खेळला जातो.

नातवाच्या निवडीमागील कारण आमच्या ध्यानी येण्यास फार वेळ लागला नाही. वर्गातील नेहमीचा गोलरक्षक दहावीच्या अभ्यासामुळे येईनासा झाला होता आणि धावणाऱ्या मुलांत आमचा नातू सर्वांत मंद होता. ज्याला पळता येत नाही त्याला दारात उभे करावे, हा न्याय आम्ही स्वतः शिक्षक असताना कित्येक वेळा लावलेला असल्यामुळे तो ओळखावयास आम्हांस अडचण पडली नाही. मुलाला मात्र यातले काही कळले नव्हते. कवच मिळाले म्हणून तो कर्णासारखा तेजस्वी दिसत होता. आम्ही मौन पाळले.

पुढे त्याच्या शिक्षिकाबाईंशी बोलण्याचा योग आला तेव्हा आमचा समज त्यांनी हसतमुखाने दुरुस्त केला. त्या म्हणाल्या, "सर, गोलकीपरला लांब पळायचं नसतं हे खरं, पण स्केटिंग त्यालाच सगळ्यांत चांगलं यावं लागतं." याचा अर्थ आम्हांस प्रत्यक्ष पाहून कळला. इतर गडी वेगाने जातात, पण जातात ते बहुधा समोर. गोलरक्षकास एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे हातभर सरकावयाचे, तेथल्या तेथे थांबावयाचे, गुडघ्यावर पडावयाचे आणि चेंडू परतून येण्यापूर्वी पुन्हा उठावयाचे असते. आणि हे सर्व अंगावर ओझे घेऊन व पायांखाली चाके असताना. म्हणून पहिले पंधरा दिवस बाईंनी त्याच्यावर एकही चेंडू मारू दिला नाही. पडणे आणि उठणे एवढाच पाठ चालला होता. आम्हांस आमच्या वडिलांनी रूपावली घोकविली होती तिची आठवण झाली. 'राम' शब्द चालविता आल्यावाचून काव्याचे नाव काढावयाचे नाही!

दुसरा पाठ उभे राहण्याचा, किंबहुना बसण्याचा. या खेळातील गोल १७० सेंटिमीटर रुंद पण अवघा १०५ सेंटिमीटर उंच असतो. तेव्हा ताठ उभ्या राहिलेल्या रक्षकाचे डोके व खांदे गोलाच्या वर फुकट जातात. त्याने गुडघे वाकवून, स्केटच्या पुढच्या टोकास असलेल्या रबरी अडसरावर भार देऊन, छाती पुढे काढून बसके व्हावे. काठीचे पाते जमिनीस टेकलेले असावे, दुसरा पंजा उघडा असावा आणि दृष्टी चेंडूवर असावी, मारणाऱ्याच्या तोंडावर नव्हे. ही बैठक पाच मिनिटे टिकविणे म्हणजे काय, हे ज्यांस जाणून घ्यावयाचे असेल त्यांनी आपल्या माजघरात करून पाहावे. आम्ही पाहिली. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला.

तिसरा पाठ आला तेव्हा मात्र आम्हांस आमच्या शास्त्राचा उपयोग करण्याची संधी मिळाली. गोलाचे दोन खांब आणि चेंडू हे तीन बिंदू घेतले म्हणजे त्रिकोण होतो. चेंडू बरोबर समोर ५ मीटरवर असता रक्षक गोलरेषेवरच राहिला तर त्याला १७० सेंटिमीटर रुंदी राखावी लागते. तोच १ मीटर पुढे आला तर सरूप त्रिकोणांच्या नियमाने ती १३६ सेंटिमीटर उरते. नातवाला आम्ही अंगणात खडूने ही आकृती काढून दाखविली. "म्हणजे मी मोठा झालो नाही, गोल लहान झाला," असे तो म्हणाला. आजवर भूमितीचे इतके सुटसुटीत उत्तर आमच्या वर्गात कोणी दिल्याचे स्मरत नाही. अर्थात फार पुढे गेल्यास चेंडू दुसऱ्या गड्याकडे सरकवून मोकळे दार गाठता येते, हेही त्याला लवकरच अनुभवाने कळले.

आता साहित्याविषयी. या खेळातील चेंडूचे वजन १५५ ग्रॅम व घेर २३ सेंटिमीटर. म्हणजे क्रिकेटच्या चेंडूचाच जवळजवळ जुळा भाऊ, आणि तितकाच कठीण. तेव्हा या बाबतीत हौस आणि काटकसर दोहोंनाही बाजूस ठेवून विचार करावा. पायांचे पॅड कोणी वापरलेले मिळाले तरी चालतील. पण क्रिकेटचे पॅड चालवून घेऊ नयेत, कारण एक गुडघा टेकून दुसरा पाय आडवा पसरला की त्यांच्या कडेने घोटा व गुडघ्याची आतली बाजू उघडी पडते. शिरस्त्राण डोक्यावर हलता कामा नये, आणि त्याच्या जाळीतून चेंडूच काय पण काठीचे टोकही आत शिरता कामा नये. गळपट्टी व जांघेचे कवच यांविषयी मुले संकोचाने किंवा आळसाने टाळाटाळ करतात. ती पालकांनी ऐकू नये. पोशाखाचा क्रम खालून वर असतो: जांघेचे कवच, अस्तर भरलेली चड्डी, स्केट, पॅड, छातीचे व कोपरांचे कवच, गळपट्टी, शिरस्त्राण आणि सर्वांत शेवटी हातमोजे; कारण हातमोजे चढल्यावर दुसरा कोणताही बंद स्वतःला बांधता येत नाही. रामरक्षेत मस्तकापासून आरंभ करून पायांपर्यंत रक्षण मागितले आहे, येथे नेमका उलटा क्रम. आमची मंडळी सामन्याच्या सकाळी आपला क्रम चालवितात, नातू आपला चालवितो. आमच्या या दमट हवेत ते सर्व साहित्य खेळून आल्याबरोबर उन्हात टाकावे लागते, नाहीतर त्याचा वास घरातील माणसांस ओटीवर हाकलतो.

जाळीमागे तोंड झाकणे हे भित्रेपणाचे लक्षण आहे असे मानणारे लोक सर्व देशांत झाले. बर्फावरील हॉकीत कॅनडाचा जाक प्लांत हा नामांकित गोलरक्षक सरावात मुखवटा घाली. पण सामन्यात तो घालणे त्याच्या प्रशिक्षकास पसंत नव्हते. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कमधील सामन्यात चकती त्याच्या तोंडावर बसली. टाके घातल्यावर मुखवट्यावाचून मैदानात उतरणार नाही असे त्याने स्पष्ट सांगितले, आणि मुखवट्यानिशी उतरून सामना जिंकून दिला. पुढे तीच रीत झाली.

परंतु मुखवटा चेहऱ्याचे रक्षण करतो, डोळ्यांच्या पापण्यांचे नाही. आमचा नातू इतक्या आवरणाआडही चेंडू जवळ येताच डोळे घट्ट मिटी. यावर त्याच्या बाईंनी मऊ चेंडूने सराव सांगितला. आम्ही टेनिसच्या चेंडूंवर शाईने एकेक अक्षर लिहिले आणि संध्याकाळी अंगणात ते हळूहळू टाकू लागलो. अडविण्यापूर्वी अक्षर मोठ्याने सांगावयाचे, हा नियम. पहिल्या दिवशी वीस चेंडूंत दोन अक्षरे वाचली गेली. महिन्याभरात बाराच्या वर गेली. कित्येक चेंडू केळीच्या वाडीत गेले ते अद्याप सापडावयाचे आहेत.

माघ महिन्यात मुंबईच्या एका उपनगरात त्याचा पहिला सामना झाला. आम्ही बरोबर गेलो. सवयीप्रमाणे खिशात वही आणि पेन्सिल होती. आमच्या पक्षाचा सात विरुद्ध एक असा पराभव झाला. सातही गोल कोणत्या कोपऱ्यातून, कोणत्या चुकीने गेले, याची आम्ही तपशीलवार नोंद केली आणि बोरिवलीस गाडीत जागा मिळताच, मुलाच्या हिताचे म्हणून, ती त्यास वाचून दाखवू लागलो. पहिला: काठी उचललेली. दुसरा: उजवा गुडघा उशिरा. तिसरा: फार पुढे. चौथा: डावा खांब मोकळा. भाईंदर सोडून गाडी खाडीच्या पुलावर आली होती. नातू बाहेर पाण्याकडे पाहत म्हणाला, "आजोबा, मी अडवलेले किती झाले?"

आम्ही वही चाळली. त्याची नोंद नव्हती. नोंद करावयास हवी हे आमच्या मनातही आले नव्हते. थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "मला नाही व्हायचं गोलकीपर." नालासोपारा येईपर्यंत दोघेही बोललो नाही.

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. आठवण झाली ती फार वर्षांपूर्वीच्या एका विद्यार्थ्याची. अर्नाळ्याकडचा एक कोळ्याचा मुलगा आमच्या सातवीच्या वर्गात होता. 'माझे वडील' या विषयावरील त्याच्या निबंधात आम्ही लाल शाईने सत्तावीस चुका काढल्या आणि इतरांस बोध व्हावा म्हणून त्या वर्गात एकेक करून वाचल्या. मुले हसली. त्या निबंधात, फाटके जाळे घेऊन वडील परत आले त्या दिवशी घरात कोणी काही बोलले नाही, अशा अर्थाचे एक वाक्य होते. त्यातील ऱ्हस्वदीर्घ चुकले होते, ते आम्ही दुरुस्त केले. वाक्य चांगले आहे असे मात्र ना लिहिले, ना सांगितले. पुढील वर्षी तो मुलगा शाळेत आला नाही. त्याचे कारण आमची लाल शाईच होती असे म्हणण्याइतके आम्ही स्वतःला थोर समजत नाही. घरची गरिबी होती, होडीवर हात हवे होते. पण ते वाक्य इतक्या वर्षांनी आम्हांस पाठ आहे, आणि त्याला ते चांगले होते हे ठाऊक नाही, एवढे खरे.

गोलरक्षकाची गत ही अशी आहे. गोल करणाऱ्याचे यश फळ्यावर लागते. याच्या नावाने फळ्यावर लागतात त्या केवळ चुका. अडविलेला चेंडू कोठेच दिसत नाही, तो जणू आलाच नव्हता. म्हणून या जागी नवा मुलगा उभा राहिला असता, गेलेला चेंडू लगेच विसरून पुढच्याकडे पाहण्याचे कौशल्य त्यास सर्वांत आधी लागते. आणि आमच्या अनुभवाने सांगतो, ते त्याला एकट्याने साधत नाही. कठड्याबाहेर बसलेल्या मोठ्या माणसांनी मोजणी नीट ठेवावी लागते.

दुसऱ्या दिवशी आम्ही वहीत पानावर मधोमध रेघ ओढली, उजवीकडे 'गेले' आणि डावीकडे 'अडवले' असे लिहिले, आणि ती वही काही न बोलता त्याच्या पिशवीवर ठेवली. त्याने ती पाहिली, खेळणे सोडण्याचा विषय पुन्हा काढला नाही. फाल्गुनात दुसरा सामना झाला. तोही आमचा पक्ष हरला. गाडीत बसल्यावर आम्ही वही त्याच्या हाती दिली: गेले पाच, अडवले एकोणीस. त्याने एकोणिसाच्या आकड्याकडे क्षणभर पाहिले, मग बोट पाचांच्या यादीवर ठेवून म्हणाला, "आजोबा, चौथा परत डाव्या खांबाकडून गेलाय. उद्यापासून तिकडेच टाका."

तेव्हापासून रोज संध्याकाळी डाव्या खांबाकडे पन्नास चेंडू टाकणे हे आमचे नित्यकर्म झाले आहे. खांदा दुखतो, त्यास इलाज नाही. अडविलेल्यांची मोजणी आमच्या मंडळींनी ओटीवर बसून आपल्याकडे घेतली आहे. त्यांचा आकडा आमच्या आकड्याहून नेहमी दोनचारांनी अधिक भरतो. आम्ही तो खोडीत नाही.