बंब येण्यापूर्वी

पुण्याच्या पेठांस आग नवी नव्हे. सन १८२८ मध्यें शनिवारवाडा जळाला. आज तटाच्या आंत जुन्या इमल्यांचीं जोतीं दिसतात. भोंगा वाजवीत धांवणारा बंब आपण कौतुकानें पाहतों. परंतु अग्निशामक दलाचें मोलाचें काम आगीपूर्वींच होत असतें, असें मला वाटतें. उंच इमारतींचे नकाशे तपासणें, सुटकेच्या वाटा पाहणें, शाळांतून कवायती घेणें, हें तें काम. सन २००६ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानें आगीपासून बचावाच्या साधनांची जबाबदारी मालक व वहिवाटदार यांजवर ठेविली असून, तीं सुस्थितींत असल्याचा दाखला दरसाल जानेवारी व जुलै महिन्यांत द्यावा लागतो.

घरांतील अडगळीपर्यंत मात्र कायदा क्वचितच पोहोंचतो. कसबा पेठेंत एका विद्यार्थ्याच्या घरीं गेलों होतों. वाड्यास लांकडी जिना एकच. पायऱ्यांवर रद्दी, तोंडाशीं दुचाकी गाड्या. बोळ इतका अरुंद कीं बंब बाहेरच राहावयाचा आणि जवानांनीं नळी ओढीत आंत यावयाचें. वरच्या मजल्यावर मुलाची वृद्ध आजी राहते. मीं त्याला एवढेंच विचारलें, "आजी खालीं कशा येतील?"

रद्दी त्याच आठवड्यांत हलली. गाड्या शेजाऱ्यांच्या आहेत; त्यांविषयीं त्याच्या वडिलांचें बोलणें अद्याप चालू आहे.