डिझेलातलं पाणी

डिझेलात पाणी असतं. कधी पंपावरनंच येतं, नाहीतर टाकीत धरतं. रात्री टाकी अर्धी रिकामी राहिली की आतल्या हवेतली वाफ पत्र्याला चिकटते आणि थेंब होऊन तळाला जाते. पाणी जड, ते खाली बसतं. डिझेल वर तरंगतं. हे पाणी आणि बारीक गाळ पुढं जाऊ द्यायचा नाही, एवढंच फिल्टरचं काम. केसाहून कितीतरी बारीक कण कागदाच्या घड्यांत अडतो. आताच्या पिकअपना कॉमन रेल असते, तिथं दाब हजार बारच्या वर. त्या दाबात कचरा नोझलपर्यंत गेला की मालकाचं दिवाळं.

मालकाला मात्र फिल्टर म्हणजे ड्रायव्हरची चैन वाटते. 'अजून चालतीय की गाडी.' चालतीय. सपाटीला चालतीय. चढाला लागली की तिसऱ्यात दम नाही, दुसऱ्यात गचके, पाय तळाला टेकवला तरी उचलत नाही. म्हणून नवा फिल्टर माझ्या पिशवीत असतोच. मालकानं पैसे दिले तर दिले.

२० मार्चला महाडला पुस्तकं घेऊन गेलो होतो. १९२७ साली याच दिवशी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. परतताना हौद्यात उरलेली पुस्तकं, कॅलेंडरं, बाबासाहेबांचे फोटो, आणि शेजारी भाचा. वरंध घाटात, भोरकडं चढताना गाडी बसली. एका चहाच्या टपरीपुढं कडेला घेतली.

कुणाला कधी करावं लागेल म्हणून सांगतो. चाकाला दगड लावायचा. इंजिन निवू द्यायचं, गरम इंजिनवर डिझेल सांडू नये. फिल्टरच्या बुडाला सेन्सरची वायर असते, ती काढायची. खाली रिकामी बाटली धरून ड्रेन ढिला करायचा. आधी पाणी आलं, गढूळ, तांबूस. मग डिझेल. पाइप काढून तोंडाला स्वच्छ चिंधी. फिल्टर फिरवून निघतो. हटला तर जुना पट्टा गुंडाळून पिळायचा. नव्याच्या रबरी रिंगला डिझेलचं बोट लावायचं आणि हातानंच आवळायचा. कॅनमधलं डिझेल नव्यात ओतू नये, ते गाळलेलं नसतं. हातपंप दाबत राहायचं, तो घट्ट होईपर्यंत. जुन्या मेटॅडोरला आम्ही नोझलचे नट ढिले करून एअर काढायचो. कॉमन रेलला हा नाद कुणी करू नये, ती धार कातडं फोडून आत शिरते.

भाच्याला मी हात लावू दिला नाही. कॉलेजचे कपडे होते अंगावर. तो नुसता मोबाइलचा उजेड धरून उभा.

काम उरकत आलं तसं टपरीवाल्याकडं पाणी मागितलं. त्यानं हौद्यातल्या फोटोंकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाला, 'वंजळ करा. हात तेलकट हायेत, गिलास खराब व्हईल.' खरंच होते तेलकट. मी ओंजळ केली, त्यानं वरनं धार सोडली. मग भाच्याला म्हणाला, 'तू बी कर.'

भाच्यानं ओंजळ केली नाही. दोन्ही हात त्याच्यापुढं धरले. पालथे केले, उलटे केले. कोरडे, साफ हात. टपरीवाला तांब्या घेऊन आत गेला, तो बाहेर आलाच नाही.

बाबासाहेब पाणी प्याले म्हणून तिथल्या सवर्णांनी तळं बाटलं असं ठरवलं, आणि शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलेल्या १०८ घागरी ओतून ते शुद्ध केलं. चांगल्या पाण्यात शेण कालवायचं आणि शुद्ध म्हणायचं! कुठल्याही मिस्त्रीला विचारा, तो हसंल. फिल्टर कापून पाहिला तर गाळ दिसतो, बोटाला लागतो. कोरड्या हातावर त्या माणसाला काय दिसलं?

'मामा, तुम्ही का प्यालात?' भाच्यानं विचारलं. तहान लागली होती, म्हणलं. तो बोलला नाही. मीही.

दोन सेल्फ फुकट गेले, तिसऱ्याला इंजिन धरलं. जरा फडफडलं, मग एकसारखं झालं. भाच्यानं घाण पाण्याची बाटली उचलली आणि दरीकडं निघाला.

'ओतू का हितं?'

'नको. खाली झरा हाय. लोकं पितात.'

त्यानं बूच घट्ट लावलं आणि बाटली सीटखाली ठेवली.